तक्रार काही नाही

बाबांनी आयुष्यभर दोन भाषा वापरल्या. घरात मालवणी आणि कचेरीत मराठी. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी समोरचा माणूस टेबलामागे बसलेला किंवा पांढऱ्या कोटातला असला की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि तोंडातून अर्जातलं मराठी यायचं.

त्यामुळे इस्पितळात रोज सकाळी एकच नाटक. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्या विचारायच्या, "काय तक्रार आहे काका?" बाबा म्हणायचे, "तक्रार काही नाही." हृदयाची ताकद कमी पडून पाय सुजले होते. पाठीला तीन उशा लावल्याशिवाय टेकता येत नव्हतं, चार शब्द बोलले की श्वासासाठी थांबावं लागायचं, पाणीसुद्धा मापाने मिळायचं. आणि तक्रार काही नाही! मला वाटायचं, धीराचा माणूस. खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. एवढी मी मूर्ख.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गेले. रेडी गावाकडचे होते, दुखणंही बाबांचंच. आदल्या संध्याकाळी दोघे थांबत थांबत, पण हौसेने, काजूच्या मोहोराबद्दल बोलत होते. दुपारपर्यंत त्या खाटेवर धुतलेली चादर आली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग जेवण सुटलं. पेजेचे दोन चमचे झाले की मान हलवायचे. गोळ्या गालात धरायचे आणि माझी पाठ वळली की काढून ठेवायचे. उशीखाली मला पाच सापडल्या. मी भडकले. "ल्हान पोर आसात काय तुम्ही?" राग ओसरल्यावर मी विचारलं, "फाल्या काय हाडू? मऊ भात?" उद्या काय आणू असं विचारलं, तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "फाल्याचा कोणाक म्हायत?"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "या आजारात पुष्कळांचं मन खचतं. भीती बसते, कशात रस वाटत नाही. तो स्वभाव नव्हे, दुखणंच आहे, आणि त्यावर इलाज आहे. पण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळायला हवं. मी विचारते आणि ते नाही म्हणतात." त्यांच्याकडे प्रश्नांचा एक कागद होता. झोप लागायची भीती वाटते का? नाही. घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं? नाही. जगणं नकोसं वाटतं? नाही, मॅडम. बाबांनी स्वतःहून एकच प्रश्न विचारला होता, खाली सही कुठे करायची?

तो कागद त्यांच्याकडून मागून घेऊन मी व्हरांड्यात बसले, आणि मला आमच्या वाडीतलं देऊळ आठवलं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. ज्याचं दुःख तो हात जोडून गप्प उभा राहतो, दुसरा त्याच्या वतीने देवाला सांगतो, आणि जमलेले सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाडीचं सांगणं बाबांकडे होतं. कुणाची म्हैस आटली, कुणाची मुलगी नांदेना, कुणाला रात्री दचकायला होतं, सगळं बाबांच्या तोंडून देवाकडे जायचं. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्ही का नाही व्हय म्हणत? "सांगणाऱ्यान म्हणाचा नसता गो," ते म्हणाले होते, "दुसऱ्यान म्हटला तरच ता खरा."

बाबांचं गाऱ्हाणं मात्र कधी कुणी घातलं नव्हतं.

दुपारी मी आत गेले. नारळ नव्हता, मोसंबं होतं. तेच त्यांच्या उशाशी ठेवलं. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं आमच्या वाडीत कुणी ऐकलेलं नाही. लाज वाटत होती, समोरच्या खाटेवरून लोक बघत होते. पण लाजून चालणार नव्हतं. मी हात जोडले आणि कागदावरचे प्रश्न आमच्या भाषेत देवापुढे ठेवायला लागले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक श्वास पुरणा नाय."

बाबांनी मान वळवली. मी काय आरंभलंय ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांचे हात चादरीवरून उचलले गेले आणि एकमेकांना लागले. साठ वर्षांची सवय.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

"निजल्यार परत जाग येवची नाय, असा भय ह्याका वाटता."

"व्हय म्हाराजा."

"बाजूचो माणूस गेलो, तेच्या मागसून आपलो नंबर, असा मनात बसला हा."

"व्हय..." म्हाराजा म्हणायला श्वास पुरला नाही.

"आपण घरच्यांका जड झालो, असा ह्याका वाटता."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ओठ हलले. कागदावरचा शेवटचा प्रश्न राहिला होता, तोही मी घातला.

"जगणा नको झाला हा ह्याका, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. हे मात्र अगदी स्पष्ट म्हणाले.

आता उरलं मागणं. गाऱ्हाण्याच्या शेवटी देवाकडे मागायचं असतं, आणि तिथेच देऊळ सगळ्यात मोठ्याने ओरडतं. मी म्हटलं, "काय चुकला माकला आसात ता माफ कर, आणि ह्याका बरो करून घराक धाड रे म्हाराजा."

बाबा गप्प.

मी थांबले. पुन्हा तेच म्हटलं. जोडलेले हात तसेच होते, ओठ मिटलेले. शेवटी मीच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांनी डोळे उघडले. "सांगणाऱ्यान म्हणाचा नसता गो."

"मगे तुम्ही म्हणा."

बाबांनी नजर छताकडे नेली. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे जायला उठले, दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"फाल्या म्हणतंय."