पोस्ट आमची, कमेंट जिल्ह्याच्या!

एखादं पेज चालवायला घेतलं की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते नोटिफिकेशन वाजवत आपल्या पायांनी येतात! परवा आम्ही एकेक आठवत बसलो, तर तीनदा चहा झाला तरी पहिल्या महिन्यातच अडकलेलो.

आम्ही म्हणजे तिघं. मराठी शिकवून निवृत्त झालेले स्वामी सर, परभणीत स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या फरीदाआपा आणि एका कचेरीत क्लार्क असलेली मी, वंदना. पेजचं नाव ‘आमच्याकडं असं म्हणतेत’. रोज आपल्या भागातला एक शब्द टाकायचा आणि लोकांना बोलतं करायचं. अर्थ मात्र आम्ही सांगायचा नाही, लोकांनीच सांगायचा. ही अट सरांची. "जन्मभर उत्तरं सांगितली," ते म्हणाले, "आता फक्त प्रश्न विचारणार!"

* * *

पहिल्या पोस्टला आपांच्या हातरुमालाचा फोटो टाकला. खाली प्रश्न, ‘याला तुमच्या घरी काय म्हणतेत?’

दिवसभरात दोन कमेंट. एक माझी, एक आपांची. दोघींनी लिहिलं होतं, ‘दस्ती.’

संध्याकाळी तिसरी आली. आपा तर गिऱ्हाईक सोडून काउंटरच्या बाहेर आल्या! घाईघाईनं उघडली, तर कुणीतरी विचारलेलं, ‘केवढ्याला दिली?’

* * *

मग सर म्हणाले, "नुसत्या फोटोनं काही होत नाही. लोकांना बाजू घ्यायला लावा." म्हणून पोल टाकला, ‘सकाळी काय पाहिजे? सुशीला का पोहे?’

चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की झाली सुशीला, हे परभणीत कुणाला सांगावं लागत नाही. पण पोल फिरत फिरत पुण्याला पोचला. तिथून एकानं विचारलं, ‘ही सुशीला कोण? आणि तिची पोह्यांशी काय स्पर्धा?’

त्याला उत्तर लिहायच्या आत पाथरीहून एका बाईंची कमेंट, ‘मीच सुशीला. सरकारी नोकरीत हाय. माझ्यावर मतदान कुणी लावलं?’

आम्ही हात जोडून माफी मागितली. बाई मोठ्या मनाच्या. हसल्या आणि स्वतःही मत देऊन गेल्या.

पोह्यांना!

* * *

टाइप करायला कंटाळणाऱ्यांसाठी आम्ही व्हॉइस मेसेज सुरू केले आणि बोरीचे एक तात्या आम्हाला सापडले. का तात्यांना आम्ही सापडलो, देव जाणे!

त्या दिवशीचा शब्द होता ‘बेगीन’, म्हणजे लवकर. तात्यांचा मेसेज आला अकरा मिनिटांचा. त्यात त्यांचा साडू होता, साडूच्या लग्नाची वरात होती, वाटेत बंद पडलेली जीप होती आणि ती ढकलताना कुणाचा जोडा हरवला तेही होतं. सर डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तात्या मुद्द्यावर आले.

"तर बेगीन म्हंजे, फाटे न फोडता, झटक्यात. ऱ्हायलेलं दुसऱ्या मेसेजात सांगतो."

* * *

रविवारी दुपारी सरांच्या घरून लाइव्ह करायचो. सर न बोलता अभिनय करणार, बघणाऱ्यांनी शब्द ओळखायचा. पहिल्या बरोबर उत्तराला आपांच्या दुकानातला पेन!

शब्द होता ‘बेजार’. सरांनी डोक्याला हात लावला, उसासा टाकला, खुर्चीत कोसळले. काय अभिनय! तेवढ्यात कमेंट आली, ‘बेजार!’ नाव बघितलं, तर आत स्वयंपाकघरात बसलेल्या काकू, सरांच्याच सौभाग्यवती.

सर ताडकन उठले. "घरच्या माणसाला बक्षीस नाही!"

आतून आवाज आला, तो लाइव्ह बघणाऱ्या सगळ्यांनी ऐकला. "मग घरच्या माणसाला आज जेवणही नाही!"

पुढची दहा मिनिटं कमेंटमध्ये एकच ओळ पळत होती, ‘सर, पेन द्या! सर, पेन द्या!’

* * *

‘गुमान’ या शब्दावर तर युद्धच झालं. गुमान म्हणजे मुकाट्यानं. बोरीवाले म्हणाले शब्द आमचा, पाथरीवाले म्हणाले आमचा. दोन दिवस एकमेकांच्या आज्या-पणज्या काढणं चाललं होतं. मी घाबरून म्हणाले, "सर, कमेंट बंद करू का?"

"अजिबात नाही! मेलेल्या शब्दासाठी कुणी भांडतं का?"

तिसऱ्या दिवशी एका आजींचा व्हॉइस मेसेज आला. चारच शब्द. "गुमान बसा की रे!"

सगळे बसले.

* * *

आणि मग पोखर्णीच्या संगीताचा मेसेज आला. तिच्या आईला चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडातून एकच निघायचं, "चल्ल... चल्ल..."

घरचे समजायचे, कुठंतरी चल म्हणायलीय. तिला ओट्यावर नेलं, देवळात नेलं, जीप करून परभणीलाही आणलं. पण आई डाव्या हातानं बाज बडवायची अन् रडायची. आईच्या आवाजाची क्लिप जोडून संगीतानं विचारलं होतं, ‘ताई, माझ्या आईला कुठं जायचंय, ते तुमच्या लोकांना इचारता का?’

आजारी बाईचा आवाज असा चारचौघांत टाकावा का, माझा जीव धजेना. आपा म्हणाल्या, "नाव न्हाई, चेहरा न्हाई. पण आवाज टाकू. लेक मागायलीय."

टाकला. त्या दिवशी एकानंही थट्टा केली नाही. कुणी लिहिलं, माहेरी चल. कुणी लिहिलं, शेतात चल. एकीला ‘चूल’ ऐकू आलं. संगीता एकेक आईला विचारायची आणि आम्हाला कळवायची, ‘न्हाई. हे पण न्हाई.’

दुसऱ्या दिवशी बोरीच्या एका सूनबाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या भाकरी करताना क्लिप ऐकत होत्या आणि पलीकडं बाजेवर त्यांच्या सासूबाई होत्या. मागून त्यांचाच आवाज येत होता.

"अगं, ती चल म्हणत न्हाई! चल्लस म्हणायलीय, चल्लस! खेळायला बोलवायलीय ती!"

चल्लस म्हणजे पाटावर खडूनं घरं आखून, फोडलेले चिंचोके टाकून, पडेल त्या दानाइतकी घरं सोंगटी सरकवायचा डाव. मला ठाऊक नव्हता. सरांनाही नव्हता!

त्याच संध्याकाळी संगीतानं व्हिडिओ पाठवला. आम्ही तिघं आपांच्या दुकानात एकाच मोबाइलवर वाकलो. आई उशांना टेकून बसलेली, समोर पाट, डाव्या मुठीत चिंचोके. तिनं टाकले. एक बाजेखाली गेला. आई हसली, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसली!

मग लेकीचा डाव. तिला असं दान पडलं, की आईची सोंगटी मरणार. संगीतानं हळूच एक घर कमी मोजलं.

आईनं पाटाकडं बघितलं. लेकीकडं बघितलं. डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून दुसरा शब्द निघाला.

"लबाड!"