इस्त्रीवाल्या मावशींचं उत्तर

इस्त्रीवाल्या मावशींना कुणी ‘कसं चाललंय?’ असं विचारलं की त्या ‘उत्तम’ म्हणायच्या. अंगात ताप फणफणत असला तरी उत्तमच. धंद्याची ती रीतच होती. इस्त्रीवाली कण्हताना दिसली की गिऱ्हाईक हळहळतं, ‘आराम करा हो’ म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी कपडे पुढच्या गल्लीत नेऊन टाकतं. नवरा गेल्यावर मावशींनी दुकान आणि लेक, दोन्ही या एका शब्दावर सांभाळलं होतं.

त्या लेकाने भांडणाच्या भरात एकाच्या तोंडावर लोखंडी सळई हाणली. त्या माणसाचा डोळा गेला आणि लेकाला सात वर्षांची शिक्षा झाली. मावशींनी त्याची बाजू कधी घेतली नाही. कुणी विषय काढलाच तर “केलंय माझ्याच पोराने” म्हणायच्या आणि पुढचा शर्ट टेबलावर ओढायच्या. पण सात वर्षं निघणार कशी? मावशींचं मनगट सुजून बोटं वळत नव्हती. दोनदा तर चक्कर येऊन टेबलापाशीच कोसळल्या होत्या. म्हणून वरच्या कोर्टात अपील केलं.

वकील माणूस भला, फक्त तोंड उघडलं की मिटायचं विसरणारा. “मावशी, गुन्हा आपण नाकारत नाही. शिक्षा तेवढी कमी मागायची. तुम्हाला दुसरं कुणी नाही, हात चालत नाही, हाच आपला मुद्दा. विचारलंच तर खरं ते सांगा. लाजू नका.”

“खरं सांगायला कसली लाज?” मावशी म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी त्या कडक इस्त्रीचे कपडे घालून हजर झाल्या. वकिलाने कपाळाला हात लावला, पण आता काय करणार? लेकालाही तुरुंगातून आणून पोलिसांच्या मध्ये बसवलं होतं.

न्यायाधीशबाईंनी वकिलाचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग फाईल मिटून मागच्या बाकाकडे पाहत, शेजारणीने विचारावं तसं विचारलं, “आई तुम्हीच ना? कसं चाललंय तुमचं?”

मावशी ताठ उभ्या राहिल्या. “उत्तम चाललंय, बाई. हातपाय धड आहेत, कामही भरपूर आहे. कुणापुढे हात पसरावा लागत नाही.”

बोलून गेल्यावर त्यांना वकिलाचं सांगणं आठवलं. “तसं नाही, म्हणजे…” त्या चाचरल्या. वकील सारवासारव करायला उठला, पण त्याचं ऐकणार कोण? खुद्द आईनेच सांगितलं होतं. शिक्षा कायम राहिली.

लेकाला परत नेताना पोलिसांनी दाराशी घटकाभर थांबू दिलं. मावशींना म्हणायचं होतं, चुकले रे, माझ्या जिभेने घात केला. पण लेकाचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता.

“आई, वकील म्हणत होता, तू फार आजारी आहेस. आत डोळ्याला डोळा लागत नव्हता माझा. आज तुझ्या तोंडून ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. आता काढीन मी सगळी वर्षं.”

सुजलेला हात मावशींनी हळूच पाठीमागे नेला.

“जेवत जा वेळेवर,” त्या म्हणाल्या. “आणि झोपत जा.”