एकोणिसावा भाग

त्रिंबक करमाडच्या अलीकडचा, जालना रोडपासून दीड कोस आत असलेल्या एका गावचा. बाप कडूबा मेंढरं राखायचा, आजाही तेच करत मेला. त्रिंबक सातवीपर्यंत शिकला एवढ्यावर घरात त्याला ‘मास्तर’ म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, आणि मास्तर सायकल हाणत चिकलठाण्याला एका कंपनीत हेल्पर म्हणून चिकटला. तिथं ज्यानं त्याला लेथ शिकवली तो पुंजाराम त्याच्याच गावचा निघाला, ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातला. गावात दोघं जन्मात एकमेकांशी बोलले नव्हते. ओळख व्हायला सहा कोस लांब यावं लागलं.

पुंजाराम मॅट्रिक झालेला, कमी बोलणारा. जेवणाच्या सुट्टीत भाकरी संपली की तेलकट हात चिंधीनं घासून घासून पुसायचा आणि पिशवीतनं पुस्तक काढायचा. पुस्तकाला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर. हातभर अंतर सोडून जेवत बसलेल्या त्रिंबकनं एकदा विचारलं, “काय रं, पोथी हाय का?”

“पोथी नाय. गोष्ट हाय. पण लई लांब. सव्वीस भाग.”

‘तेरा तळघरांची नगरी’ असं त्या गोष्टीचं नाव. एका नगरीखाली एकाखाली एक तेरा तळघरं, प्रत्येकात निराळं राज्य, निराळा सूर्य. राजपुत्र अमरकेतू हरवलेल्या बहिणीला शोधत एकेक तळघर उतरत जातो. पुंजारामनं शहरातल्या शहागंजच्या रद्दीवाल्यांकडनं ते भाग सहा वर्षं हुडकून हुडकून जमवले होते. घरी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. त्यानं पहिला भाग त्रिंबकच्या हातात दिला आणि बजावलं, “पान दुमडायचं नाय. थुंकी लावून उलटायचं नाय.”

त्या दिवसापासून त्रिंबक माणसातनं उठला. सकाळी कंपनीत जाताना जालना रोडच्या कडंला लिंबाखाली सायकल टेकवून दोन पानं वाचायचा, दोनाची वीस व्हायची, भोंगा चुकायचा. बायको बानाबाई भाकरी वाढून समोर बसायची. हा चटणीत बोट बुडवून तसाच, डोळे पुस्तकात. एकदा झोपेत “तांबडी राणी, तांबडी राणी” बरळला, तर बानाबाई दोन दिवस धड बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी मेंढरं घेऊन गेला आणि चौथ्या तळघरातल्या लढाईत असा गुंतला, की मेंढरं आप्पासाहेबांच्या ज्वारीत शिरली. आप्पासाहेब म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. त्यांनी कडूबाला चार माणसांत झापलं. म्हाताऱ्यानं पागोटं काढून हात जोडले. त्रिंबकला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण संध्याकाळी त्यानं पुन्हा पुस्तक उघडलं.

आई सरूबाईनं एकदा विचारलं, “कुणाची रं ही पुस्तकं?”

“सायबाची,” त्रिंबक म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर पुस्तक घरात आलं नसतं. हे पुंजारामला सांगायची गरज नव्हती. त्याला ते सांगितल्याशिवाय कळत होतं.

एका रविवारी दहावा भाग आणायला त्रिंबक ओढा ओलांडून पुंजारामच्या घरी गेला. पुंजारामची आई गोजरबाई दारात शेळीला पाला घालत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण लेकाकडनं तिनं सगळे सव्वीस भाग ऐकले होते. त्रिंबकला बघून तिनं हसत विचारलं, “कितव्या तळघरात हाईस रं बाबा?”

“पाचव्यात शिरणार हाये आता.”

“मंग अजून लई रडायचंय तुला. मी काय सांगत नाय म्होरलं.” असं म्हणून तिनं चहा केला. त्रिंबक उंबऱ्याबाहेर उभा होता. आत्ताच पिऊन आलो, म्हणाला. गोजरबाईनं कप परत आत नेला. 

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत पास झाला आणि इकडं मराठवाडा पेटला. एसट्या जळाल्या, पूल उखडले. पुंजारामनं एकोणिसावा भाग त्रिंबकला दिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीत आला नाही. मग कंपनीच दोन दिवस बंद राहिली.

त्यातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला आप्पासाहेबांचा पुतण्या नानासाहेब घरोघर फिरला. त्रिंबकच्या दारात थांबून म्हणाला, “दुपारी वढ्यापलीकडं जायचंय. घरटी एक माणूस. लई माजलेत.” कडूबानं स्वतःला ताप आल्याचं सांगितलं. नानासाहेबानं त्रिंबककडं बघितलं आणि पुढं गेला.

पुंजारामला सावध करायला ओढ्यापलीकडं जायचं तर दहा मिनिटं लागायची. आंघोळीला जातोय म्हणून टॉवेल टाकून निघालं असतं तरी कुणी हटकलं नसतं. त्रिंबकला हे सगळं कळत होतं. तो पुस्तक घेऊन माळवदावर चढला. अमरकेतू दहाव्या तळघराच्या दाराशी पोचला होता आणि दारावर आंधळा हत्ती उभा होता. एवढं प्रकरण संपलं की जातो, असं त्यानं ठरवलं. प्रकरण संपलं. पुढच्याची पहिली ओळ सहज डोळ्यांखालनं गेली.

दोनच्या पुढं गलका उठला. त्रिंबकनं मान वर केली. माळवदावरनं सगळा बौद्धवाडा दिसायचा. पन्नास-साठ माणसं होती. पुढं नानासाहेब, हातात रॉकेलचा डबा. मागं ओळखीचेच, रोज राम राम घालणारे. पहिल्या छपरातनं धूर निघाला, मग दुसऱ्या. बायका पोरं काखेत मारून ज्वारीकडं पळताना दिसली. पुंजारामचं घर कडेचं होतं. तेही पेटलं.

तेव्हा त्रिंबकनं जे केलं ते त्यानं पुढं अनेक वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यानं पान उलटलं. वाचत होता असं नाही, अक्षरं दिसतही नव्हती. पण मान खाली घालून तो पानं उलटत राहिला, धूर विरेपर्यंत.

तीन आठवड्यांनी शहरात एका शाळेत ठेवलेल्या जळीतग्रस्तांमध्ये पुंजाराम सापडला. त्रिंबक एकोणिसावा भाग परत द्यायला गेला होता. वाटेत काय बोलायचं ते त्यानं घोकलं होतं. पण पुंजाराम समोर आला, दाढी वाढलेली, उसना सदरा घातलेला, आणि त्रिंबकच्या तोंडातनं निघालं, “विसावा भाग वाचला का रं?”



“माय नाय वाचली,” पुंजाराम म्हणाला. “शेळी सोडायला आत गेली व्हती. वरनं आढं आलं.”

त्रिंबकनं पुढं केलेलं पुस्तक मागं घेतलं.

“माणसाचं आधी इचारत्यात, त्रिंबक.”

दोघं व्हरांड्यात उभे होते. आत कुणाचं तरी मूल रडत होतं. पुंजाराम म्हणाला, “तुझ्या माळवदावरनं आमचं दार दिसतं. केस झालीय. आमच्या माणसांच्या बोलण्याला कोर्ट काय किंमत देईल ते देईल. तू गावातला, तू सांगितलंस तर फरक पडंल. जे दिसलं तेवढंच सांग.”

“सांगतो,” त्रिंबक म्हणाला. त्या घडीला ते खरं होतं.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा आप्पासाहेब स्वतः त्रिंबकच्या घरी आले. ओसरीवर बसले, सरूबाईच्या हातचा चहा प्याले, कडूबाच्या गुडघ्याची चौकशी केली. जाताना चपला घालत म्हणाले, “कडूबा, सुगी झाल्यावर मेंढरं कुणाच्या रानात बसवनार औंदा?”

एवढंच. गावातलं निम्मं रान त्यांचं आणि उरलेलं त्यांच्या भावकीचं. ते गेल्यावर कडूबा लेकाच्या पायाशी बसला. “तू कंपनीत जाशील रं. आमी मेंढरं कुठं नेऊ?”

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, “त्या दिवशी दुपारी कुठं होतात?”

“माळवदावर.”

“तिथून काय दिसलं?”

“मला काय दिसलं नाय. मी पुस्तक वाचत व्हतो.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकिलानं पुन्हा विचारलं, “साठ माणसं आरडत होती, घरं जळत होती, आणि तुम्ही वाचत होतात?”

“व्हय. मी वाचाया लागलो की मला काय सुदरत नाय. घरच्यांला इचारा.”

बानाबाईला बोलावलं असतं तर तिनं शपथेवर हेच सांगितलं असतं आणि ते खोटं ठरलं नसतं. पुंजाराम तिसऱ्या बाकावर बसला होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही. नानासाहेब आणि बाकीचे सुटले. गावात गुलाल उधळला, त्रिंबकच्या कपाळालाही लावला. तो पुसायला त्याला हात उचलवेना.

पुंजाराम गावात परत आला नाही. शहरात भाड्यानं राहिला, दुसरी पाळी मागून घेतली, पुढं वाळूजला नवे कारखाने आले तसा तिकडं गेला. त्रिंबक त्याच लेथवर राहिला. मेंढरं आप्पासाहेबांच्या रानात बसत राहिली, म्हातारा मरेपर्यंत. मग त्रिंबकनं ती विकून टाकली.

शहाऐंशी साली शहागंजला एका रद्दीच्या ढिगात त्याला वीस ते सव्वीस भाग एकगठ्ठा दिसले. तो तसाच पुढं निघून गेला, चौकापर्यंत गेला आणि परत आला. नऊ दिवसांत सगळे वाचले. त्याला वाटलं होतं आता त्यात मन रमणार नाही. पण रमलं. पहिल्या पानावरच गोष्टीनं त्याला ओढून घेतलं, भूक, झोप, सगळं तसंच विसरायला लावलं. बाराव्या तळघरात तांबडी राणी मेली, तेव्हा तो गोठ्याच्या भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला. बानाबाई धावत आली, “काय झालं वो?” गोजरबाई गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतनं टिपूस आलं नव्हतं. ते आठवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तरी डोळे पुसून त्यानं पुढचा भाग हातात घेतलाच.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामविस्तार जाहीर झाला. त्यानंतर दोन दिवसांनी त्रिंबक शहरात गेला होता. विद्यापीठाच्या गेटजवळ अजून माणसांची रीघ लागलेली होती. त्या गर्दीत पुंजाराम दिसला. केस पांढरे, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, बरोबर कॉलेजातली वाटावी अशी मुलगी. त्रिंबक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“पुंजाराम, त्या दिवशी मला सगळं दिसलं व्हतं.”

“मला माहीत आहे,” पुंजाराम म्हणाला. बोलणं शहरातलं झालं होतं. “तुम्हाला दिसत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही.”

त्या ‘तुम्हाला’वर त्रिंबक अडखळला. “मी आता सांगाया तयार हाये. कुटंबी. कुणापुढंबी.”

“कुणापुढं सांगणार? नानासाहेब मागच्या वर्षी वारला. माझी आई तर आधीच गेली.”

“मंग तुझ्यापुढं तरी...”

“मला कशाला सांगता? मी तिथंच होतो.”

मुलीनं विचारलं, “बाबा, कोण हे?”

“आमच्या गावचे,” पुंजाराम म्हणाला, आणि तिचा हात धरून रांगेत पुढं सरकला.

त्रिंबक थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पेढे वाटत फिरणाऱ्या एका म्हातारीनं त्याच्याही हातावर एक पेढा ठेवला आणि ‘जय भीम’ म्हणाली. त्यानं तो खाल्ला. मग स्टँडवर येऊन करमाडची बस धरली. बसायला जागा नव्हती, तेव्हा चिकलठाण्यापर्यंत तो उभ्यानंच गेला.