शिमशोनकाकांचा डावा हात

इथे मोठमोठी माणसं लिहितात, त्यात मी लिहायचं धाडस करतोय, म्हणून आधीच माफी मागतो. वडील विहिरी खोदायचे. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई अंगारा लावायला आली की मी मान फिरवायचो. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी इस्राएलमध्ये रसायनशास्त्रात संशोधन करत होतो. शनिवारी जेवायला रामल्याला शिमशोनकाका आणि रिबकामावशींकडे जायचो. दोघं कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मुंबईमार्गे आलेले. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे, पण अकरा वर्षांपासून दोन्ही हात थरथरत होते. दाढीसुद्धा मावशीच करायच्या.

मग तेल अवीवच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. कवटी उघडायची नाही. डोक्याला चौकट बसवून एमआरआय काढायचा आणि मेंदूतल्या एका बिंदूवर किरण सोडायचे. पण एकाच हातासाठी. दोन्ही बाजू केल्या तर वाचा जायची भीती. गुण यायला दोन-तीन महिने लागणार.

काकांचं हिब्रू मोडकंतोडकं, म्हणून डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला दुभाषा म्हणून मी गेलो. "कोणता हात?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजवा," काका म्हणाले. "किद्दुशचा कप उजव्यातच धरायचा असतो. जावई शुक्रवारी गाडी सुटल्यासारखा किद्दुश म्हणतो रे... मला माझ्या तोंडानं, माझ्या हातानं म्हणायचाय."

किद्दुश म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या शरबताचा कप हातात धरून घरच्या कर्त्यानं म्हणायची प्रार्थना. पण काका डावखुरे होते, हे मला ठाऊक होतं. शाळेत मास्तरांनी मारून उजव्यानं लिहायला लावलेलं, त्यामुळे डॉक्टरांनाही शंका आली नाही. मी बोललो नाही. किरण दिले गेले, काका संध्याकाळी घरी आले.

मावशी माझ्यावरच उखडल्या. "मेल्या, तुला तोंड नाय? पान्हा डाव्यात, वस्तरा डाव्यात, आन् हात उजवा? थांब, आता मीच डाव्यासाठी नवस बोलते. एलियाहू हन्नाबीला मलिदा करीन."

एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांचा नवसाला पावणारा संदेष्टा. मी मनात हसलो.

चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, काकांचा डावा हात थांबला. पूर्णपणे. उजवा होता तसाच! काका आरशापुढे स्वतः दाढी करत होते आणि मावशी नवसाच्या मलिद्यासाठी पोह्यांत खोबरं आणि साखर कालवत होत्या.

मला वाटलं, बाजू चुकली असणार... आणि मध्ये बोलणारा मीच! चुकीच्या जागी किरण गेले असतील तर उद्या वाचाही जाईल. मी काकांना उगाच बोलतं ठेवू लागलो. एकदा वाटलं, दोघं मिळून माझी गंमत करतायत. मावशींनी गुपचूप एखादं औषध दिलं असेल, असाही संशय आला.

"मावशी, त्या मनुकांच्या शरबतात काही घातलंत?"

"मनुका घातल्या. इख घालायचं तर लगीन झालं तेव्हाच नसतं घातलं?"

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडद्यावर बिंदू दाखवला. मेंदूच्या डाव्या भागात — म्हणजे उजव्या हातासाठी, बरोबर जागी. "शिवाय इतक्या लवकर उजवाही थांबायला नको," ते म्हणाले, आणि माझ्याकडेच संशयानं बघत राहिले. "दुसऱ्या कुठल्या गोळ्या तर देत नाही ना?"

काका मात्र खूश नव्हते. मावशी म्हणायच्या, "घ्या की कप डाव्यात." त्यावर काका, "माझ्या बापानं उजव्यात धरला. मी डाव्यात धरू? त्यापेक्षा जावई बरा." आणि शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून बसायचे.

त्यानंतर मी भारतात परतलो. जाणकारांना विचारलं, जमेल तेवढं वाचलं. कुणी म्हणालं मनाचा खेळ असेल, पण मग तो उजव्या हाताला का जमला नाही, ज्याची आस काकांना होती? उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

परतल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीची ई-मेल आली. तिनं लिहिलं होतं: उजवा हात थांबला, डॉक्टर म्हणाले होते त्याच सुमाराला. शुक्रवारी बाबांनी किद्दुश म्हटला. एक थेंब सांडला नाही. पण उजवा थांबला त्याच दुपारपासून डावा हात पुन्हा थरथरतोय, पहिल्यासारखाच. आई सारखी विचारते, "तुम्ही कोणाकडे काय मागितलंत?" बाबा सांगत नाहीत.