घर आधी की शाळा आधी?

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुबईत रास अल खोरला आमचं डाळी-मसाल्यांचं गोदाम आहे, त्याच्यावर ऑफिस आणि ऑफिसच्या कोपऱ्यात जेवायचं टेबल. दुपारी एकला तिथे चार डबे उघडतात आणि पाचव्या मिनिटाला शाळेचा विषय निघतो. बस किती वाजता येते, तपासणीत शाळेला काय शेरा मिळाला, तिकडे भाडं काय आहे! मी इथे अकरा वर्षं आहे. या टेबलावर राजकारण दोनदा झालं असेल, शाळा रोज होते.

यंदा तर कहर झाला, कारण यंदा ग्लेनची पाळी होती.

ग्लेन वसईचा. आमचा माल हॉटेलांना विकतो. त्याची बायको लीना आणि पाच वर्षांची रिया दोन वर्षं गावी आणि हा इकडे तिघांच्या खोलीत एका पलंगावर. लेकीला मोबाइलवर बघून बघून बिचाऱ्याची मान वाकडी झाली होती. एप्रिलमध्ये शाळा सुरू होते, त्याच्या आत दोघींना आणायचंच असं त्याने जानेवारीत जाहीर केलं. पण शाळा म्हणते आधी व्हिसा दाखवा, व्हिसाला लागतो घराचा करार आणि घर कुठे घ्यायचं ते शाळा ठरल्याशिवाय कसं कळणार? एप्रिल हुकला तर अजून एक वर्ष.

"एक वर्ष आणखी काढलं ना," ग्लेन म्हणाला, "तर ती मला अंकल म्हणेल."

झालं. त्या दिवसापासून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, देसाई सर आणि ऑफिसात नवीन आलेली प्राजक्ता यांनी, त्याचं काम अंगावर घेतलं. त्याने सांगितलं नव्हतं, तरीही.

* * *

सगळ्यात आधी पुढे सरसावले देसाई सर. दुबईत बावीस वर्षं, कस्टममधून कंटेनर सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एक एक्सेल दाखवली. शारजापासून जेबेल अलीपर्यंत एकोणीस वस्त्या आणि प्रत्येकीपुढे सत्तावीस रकाने. शाळेचा शेरा, बसचा वेळ, पार्किंग, लिफ्ट किती, जवळ इडलीचं पीठ मिळतं का. हिरवा, पिवळा, लाल रंग भरलेला.

आम्ही थक्क. प्राजक्ताने विचारलं, "सर, हे कधी केलंत?"

"मुलगा पाचवीत होता तेव्हा सुरू केलं. शारजा सोडून चांगल्या शाळेजवळ जायचं होतं ना. गेल्या महिन्यात पूर्ण झालं."

"मग कुठे जाताय?"

सर थोडे ओशाळले. त्या रात्री त्यांनी मोठ्या उत्साहाने मुलाला बोलावून पहिल्या क्रमांकाची वस्ती दाखवली होती. पोराने पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाला, "Papa, my board exam is in two weeks. After that I don't need a school."

तर ती कोरी करकरीत एक्सेल ग्लेनला मिळाली.

* * *

माझी जाऊ न्यू जर्सीला असते आणि तिथून ती सगळ्या जगाला सल्ला देते. मी फोनवर ग्लेनची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "अगं सोपं आहे. चांगली सरकारी शाळा बघायची, तिच्याजवळ घर घ्यायचं, खलास." असं अरबी पद्धतीने खलास म्हणायला ती माझ्याकडूनच शिकली आहे. तिला म्हटलं, इथे आपली मुलं खाजगी शाळेतच जातात बाई. पण फोन स्पीकरवर होता आणि ग्लेनने फक्त तिचंच बोलणं ऐकलं.

त्याच शनिवारी तो दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला गेला. तिथे एकाने त्याला स्वस्तात घर दाखवलं होतं आणि घराला लागूनच सरकारी शाळा. मोठं मैदान, झाडं, कुठे हॉर्नचा आवाज नाही. याचं मन तिथेच बसलं. सोमवारी सुट्टी टाकून तो थेट शाळेच्या ऑफिसात.

तिथल्या बाईंनी त्याला बसवलं, कहवा दिला, पुढे खजुराचं ताट सरकवलं. याने रियाचा फोटो दाखवला, लीनाचा दाखवला, वसईच्या घराचा दाखवला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, प्रत्येक फोटोला माशाल्ला म्हटलं आणि मग अगदी हळुवारपणे सांगितलं की इथे आधी स्थानिक मुलं घेतात आणि शिकवणं बहुतेक अरबीत आहे. शिवाय तुम्ही रोज रास अल खोरला जाणार कसे, हेही त्यांनीच विचारलं. ते याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंगळवारी टेबलावर आम्ही तिघं टपून बसलेलो.

"काय रे, सीट मिळाली?"

ग्लेनने डबा उघडला आणि आमच्यासमोर एकेक खजूर ठेवला.

* * *

मग देसाई सरांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मते, शाळा कागदावर कितीही चांगली असो, सकाळी घरून निघून शाळेपर्यंत गाडी चालवून बघितल्याशिवाय काही खरं नाही. एकदम पटलं. शारजाच्या मुवैलेह भागात एक घर होतं आणि दुबईत "खूप चांगली" शेरा असलेली शाळा.

"रविवारी सकाळी जाऊ," सर म्हणाले. "आठवड्याचा पहिला दिवस, गर्दी तेव्हाच खरी कळते."

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोन गाड्या काढल्या. पुढे ग्लेन आणि सर, मागे मी आणि प्राजक्ता. प्राजक्ताने सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा आणला होता. रस्ता कसला, विमानाची धावपट्टीच! बावीस मिनिटांत शाळेच्या फाटकाशी. ग्लेनने गाडीतून उतरून मला चक्क टाळी दिली. सरांनी तिथल्या तिथे एक्सेलमध्ये हिरवा रंग भरला. ग्लेनने लीनाला फोन लावला, "घर मिळालं, शाळा मिळाली, बावीस मिनिटं!" तिकडे लीना रडायला लागली, इकडे आमचेही डोळे पाणावले.

फाटकावरचा रखवालदार बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला.

"साब, आज छुट्टी है."

पूर्वी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि रविवारी ऑफिस भरायचं. ते बदलून काही वर्षं झाली, पण सरांच्या अंगात जुना रविवार मुरलेला. त्यांचं सोडा. आम्ही उरलेले तिघं तिथे कसे पोचलो होतो? आम्हालाही त्या दिवशी सुट्टी होती म्हणून!

सोमवारी ग्लेन एकटाच पुन्हा गेला. एक तास पस्तीस मिनिटं.

* * *

आता माझी युक्ती सांगते, कारण ती मला अजूनही चांगली वाटते. एजंट काहीही सांगतो, जाहिरातीत तर प्रत्येक इमारत शाळेपासून पाच मिनिटांवर. खरं शोधायचं तर सकाळी सहाला इमारतीच्या दारात उभं राहावं आणि कुठल्या गणवेशाची मुलं जास्त बाहेर पडतात ते मोजावं. जिथे मुलं जास्त, तिथली बस नीट येते.

मी माझ्या मुलाच्या, ओमच्या वेळी असंच केलं होतं. यावेळी प्राजक्ताला पाठवलं, कारण ती सिलिकॉन ओएसिसलाच राहते. ग्लेनसाठी तिथे एक इमारत बघितली होती. प्राजक्ता नाशिकहून येऊन सात महिने झालेत, अजून सगळं रुपयांत मोजते. इमारतीखाली उभ्या उभ्या तिने मला मेसेज केला, "मनीषाताई, भाडं पन्नास हजार दिरहम, म्हणजे वर्षाला बारा लाख. बारा लाखांत आमच्याकडे प्लॉट येतो."

मग मेसेज थांबले. नऊ वाजता ऑफिसात आली ती केस विस्कटलेले, खांद्यावर पाण्याचा डाग.

झालं असं, की बाई हातात वही घेऊन दाराशी उभी. एक आई घाईघाईने आली, तिला वाटलं ही बसमधली नवीन ताई. तिने लेकराचा हात प्राजक्ताच्या हातात दिला, "पानी पिला देना" म्हणाली आणि लिफ्टमध्ये गायब. ते बघून दुसरी आली. मग तिसरी. प्राजक्ताला नाही म्हणता येत नाही, हे आम्हाला ऑफिसात माहीत होतंच. तिने तिघांना पाणी पाजलं, एकाच्या बुटाची नाडी बांधली, बस आली तेव्हा रांगेत चढवलं.

ड्रायव्हरने दार बंद करता करता तिच्याकडे बघितलं.

"यल्ला सिस्टर, आप भी बैठो. देर हो रहा है."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दोन स्टॉप गेले ना मी."

पण तिने माहिती पक्की आणली होती. त्या बसची शाळा इमारतीपासून चालत सात मिनिटांवर आहे. शेरा नुसता "चांगली". देसाई सरांनी तोंड वाकडं केलं. आपल्याकडे नुसतं चांगलं म्हणजे काठावर पास!

* * *

मुवैलेहचं घर गेलं, पण ती दुबईतली खूप चांगली शाळा सरांनी सोडली नाही. दोन्हीकडे अर्ज केले आणि दोन्ही शाळांनी रियाशी ऑनलाइन बोलायचं ठरवलं. आता खरी पंचाईत. पोर गावच्या बालवाडीत मराठीत वाढलेली. रंग, आकडे, सगळं येतं, पण इंग्रजीत विचारलं की आजीच्या पदराआड.

मग रोज एकला जेवताना व्हिडिओ कॉलवर तिचा क्लास. आमच्याकडे चित्रांची पुस्तकं कुठली? गोदामातून नमुन्याच्या पुड्या आणल्या. मी पुडी धरायची, प्राजक्ताने विचारायचं, "Ria, which colour?" आणि रियाने ओरडायचं, "Yellow!" तूरडाळ यलो, मूग ग्रीन, उडीद ब्लॅक, तांदूळ व्हाइट. पंधरा दिवसांत पोरगी धडाधड बोलायला लागली. आम्हाला इतका चेव चढला, की दोन वाजले तरी कुणी जागेवरून उठेना.

चाचणीच्या दिवशी ग्लेन इकडून त्याच कॉलवर होता आणि आम्ही तिघं त्याच्या मागे श्वास रोखून. शाळेच्या मॅडमनी पिवळं कार्ड धरलं.

"Ria, what is this?"

"तूरडाळ."

मॅडम हसल्या. "In English, dear?"

"Toor dal."

हिरव्याला मूग. पांढऱ्याला तांदूळ. ग्लेनने कपाळाला हात लावला. मॅडमनी काळं कार्ड धरलं तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. रियाने नीट निरखून बघितलं आणि ठासून सांगितलं, "उडीद. सालवाली."

दुसऱ्या शाळेतही तिने हेच दुकान मांडलं. आणि दोन्हीकडून सीट मिळाली, फक्त शाळा सुरू व्हायच्या आत व्हिसा दाखवायचा! देसाई सरांनी त्या दिवशी सगळ्यांना कुनाफा, इथली पाकातली चीजची मिठाई, खाऊ घातला.

* * *

राहिला निवाडा. खूप चांगली शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या आसपासचं भाडं ग्लेनला झेपणारं नव्हतं, म्हणजे घर लांब आणि बस पहाटे पावणेसहाला. आणि चांगली शाळा सात मिनिटं चालत. टेबलावर हात वर करून मतं घेतली. खूप चांगलीला तीन, ग्लेनने हात वर केलाच नाही.

सरांनी फोन लावायला लावला आणि रियाला स्वतः समजावलं. पोहायचा तलाव आहे, रोबोटची खोली आहे, एसी बस घरापाशी येते. रियाने सगळं ऐकून घेतलं.

"पप्पा, मला शाळेत कोण सोडणार?"

"बस, बाळा. एसी बस."

"आणि दुसऱ्या शाळेत?"

ग्लेन आमच्याकडे बघेना. "दुसऱ्या शाळेत मी. चालत."

"मग ती."

सरांनी लॅपटॉप मिटला. एप्रिल लागायच्या चार दिवस आधी लीना आणि रिया आल्या. व्हिसा, करार, सगळं त्या शेवटच्या पंधरवड्यात धावपळ करून झालं. ग्लेन रोज सकाळी लेकीचं बोट धरून शाळेत जायचा, तिचं दप्तर स्वतःच्या पाठीला, आणि साडेआठच्या ठोक्याला ऑफिसात हजर. इतका आनंदी माणूस मी या गोदामात पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी तो डबा न उघडता बसला होता.

"काय झालं रे?"

"आज फाटकापाशी हात सोडवून घेतला. म्हणते, 'Papa, tomorrow I will go by bus. Everybody goes by bus.'" त्याने आमच्याकडे बघितलं. "सात मिनिटांवर शाळा. बस सगळीकडे फिरून पंचवीस मिनिटं घेते."

आम्ही समजूत काढली. पोरं अशीच, माझा ओम तर मला फाटकाच्या अलीकडेच उभं करायचा. प्राजक्ताने त्याच्या पुढ्यात आपली पोळीभाजी सरकवली. त्याने बसचा फॉर्म भरला.

पहिल्या दिवशी ग्लेन ऑफिसात पाऊण तास उशिरा आला. आजवर हा माणूस कधी उशिरा आलेला नाही, म्हणून सरांनीच विचारलं, "काय, बस चुकली का तिची?"

"नाही सर. बस वेळेवर आली." तो खुर्चीवर बसला. "मी मागून गाडीने गेलो. बस थांबली की मी थांबायचो. शाळेपर्यंत."

"अरे, तिने बघितलं तर?"

"बघितलं ना. शेवटच्या सीटवर होती." ग्लेन डबा उघडायला लागला, सकाळी सव्वानऊला. "शेजारच्या मुलीला काही सांगितलं नाही. मला बघून नुसतं ओठांवर बोट ठेवलं."