उस्मानपुऱ्यातली पोटाची ओपीडी

हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस घाबरून जातो, त्यामुळे मोजकंच बोलतो. मी पोटाची डॉक्टर. माझ्याकडे लोक परवाच्या जेवणापासून सुरुवात करतात आणि बोलता बोलता सासरच्या माणसांवर येतात. उस्मानपुऱ्यात क्लिनिक टाकून पंधरा वर्षं झाली. फायली कपाटात मावतात, किस्से काही मावत नाहीत.

*

औरंगपुऱ्यातल्या एका कापड दुकानदारांना दूध पचत नव्हतं. बंद करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आले तर पोट तसंच फुगलेलं.

"दूध सोडलंत ना?"

"कधीच."

"मग काल काय खाल्लं?"

"वाटीभर बासुंदी."

तेच मला समजवायला लागले, "मॅडम, त्यात दूध कुठं राहतं? आटून जातं की सगळं."

*

कॉलेजात शिकवणारी एक मुलगी. व्हिटॅमिन डी अगदी तळाला. गोळ्या नकोत म्हणाली, म्हणून रोज अर्धा तास उन्हात बसायला सांगितलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथं. ती शपथेवर सांगत होती, एक दिवस चुकवला नाही. पुरावा म्हणून मोबाइलवर फोटोच दाखवला. गच्चीवर खुर्ची, खुर्चीत ही. तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, हातमोजे, पायमोजे.

"अगं, हे कशाला?"

"मॅडम, ऊन लागतं ना!"

*

बँकेतल्या एका तरुणाला गहू सोसत नाही असं निघालं. आतड्याचा आजार, गहू जन्मभर बंद. पोळी, ब्रेड, पिझ्झा काही नाही, ज्वारीची भाकरी खा म्हटलं. तो रडवेला झाला. देवगाव रंगारीहून आलेली त्याची आई मात्र खुर्चीत सरसावून बसली.

"लहानपणापासून बोंबलून सांगतेय, भाकरी खा म्हणून. बाई, हे कागदावर लिहा. अन् खाली लिहा, आईचं ऐकायचं."

मी लिहिलं. त्या माउलीनं चिठ्ठी लॅमिनेट करून फ्रिजवर लावली.

*

अल्सरच्या एका पेशंटला तिखट मटणरश्श्याचा नान-खलिया सक्त मना केला होता. महिन्याभरात एका लग्नात समोरासमोर गाठ पडली, हातात भरलेली प्लेट. त्यानं क्षणभर विचार केला आणि प्लेट माझ्यापुढं धरली. "मॅडम, तुमच्यासाठीच आणत होतो."

घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी मी ॲसिडिटीनं छाती चोळत क्लिनिकात शिरले. रिसेप्शनवरच्या नसीमनं वर न बघताच विचारलं, "मॅडम, पर्ची किसके नाम से फाडूं?"

*

कन्नडकडचे एक मेंढपाळ बाबा. सून घेऊन आली. तक्रारही तिचीच.

"मामा चपला हरवत्यात. रानातून अनवाणी येत्यात, अन् इचारलं तर म्हणत्यात, पायातच हाय."

घरच्यांना वाटत होतं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली.

"टोचलं का बाबा?"

"कवा टोचणार?"

नसांना लागणारं बी-ट्वेल्व्ह रक्तात जवळजवळ नव्हतंच. माणूस माळकरी, मटण-अंडी वर्ज्य. शेळ्यांचं दूध सगळं विकायला. इंजेक्शनं सुरू केली, पण मनातून धास्ती होती. फार उशीर झालेला असला तर पायातली जाण परत येत नाही.

चौथ्या महिन्यात बाबा एकटेच एसटीनं आले. चांगलेच तापलेले.

"बाई, तुमची सुई बंद करा."

"का हो बाबा?"

"लई बरं चाललं हुतं माझं. आता चपलेत बारीक खडा गेला तरी टोचतो."