शेपटावरचा आशीर्वाद

विमान माझ्या दोन बोटांवर होतं आणि त्याचं शेपूट हळूच खाली गेलं. मी परत धरलं. परत शेपूट खाली. आदल्या संध्याकाळी याच विमानाला तपासणीत पास झाल्याचं स्टिकर मीच लावलं होतं, त्यामुळे चिडायचं कुणावर तेही कळेना.

मी एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पंख बघणारा माणूस. रिटायर होऊन अकोल्यात जठारपेठेत राहायला आलो. नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, पेन्शन आणि संशय. त्यातल्या दुसरीसाठी तिथल्याच एका कॉलेजने मला त्यांच्या मेकर्स फेअरला सेफ्टी इन्स्पेक्टर म्हणून बोलावलं. मेकर्स फेअर म्हणजे हौशी लोकांनी घरी बनवलेल्या वस्तूंची जत्रा. पाण्याच्या बाटलीचं रॉकेट, पीव्हीसी पाइपची दुर्बीण, काय वाटेल ते. जे जे उडणार त्याला माझी सही लागायची.

हे विमान शेंदूरजनाघाटच्या गजाननभाऊंचं. संत्र्याची बाग, वय चाळिशीच्या पुढे. दोन वर्षं बागेतल्या शेडमध्ये बसून त्यांनी ते बनवलं होतं. पंख थर्माकोलचा, कामट्या बांबूच्या आणि शेपूट संत्र्याच्या पेटीच्या फळीचं. रिमोटवर उडणारं. फेअरचं शेवटचं उड्डाण त्यांचंच होतं.

विमानात सीजी नावाची एक गोष्ट असते. ज्या जागेवर विमान तोललं जातं ती जागा. नाक जरासं जड असलेलं चालतं, शेपूट जड चालत नाही. तसं झालं की विमान नाक वर करतं, वेग हरवतं आणि पडतं. कुठे पडेल ते विमानालाही ठाऊक नसतं.

"गजाननभाऊ, कालपासून याला काय केलं?"

"काई नाई साहेब. फक्त मांगं लिवून घेतलं."

मी विमान फिरवलं. शेपटाच्या दोन्ही बाजूंना, लाल रंगावर पिवळ्या अक्षरांत, सावलीसकट: 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे असतं तसंच. माझी सही झाल्यावर गजाननभाऊ विमान नंबर प्लेटा रंगवणाऱ्या पेंटरकडे घेऊन गेले होते. पेंटर प्रामाणिक निघाला. आधी पुट्टी, मग लाल ऑइल पेंटचे दोन हात, मग अक्षरं. दहा वर्षं उन्हापावसात काही होणार नाही, असं म्हणाला होता म्हणे. रंग अजून बोटाला चिकटत होता.

"खरडून टाका," मी म्हटलं.

गजाननभाऊंनी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत धोतर-टोपीतले त्यांचे वडील बसले होते. दोन वर्षं त्यांनी मुलाला एकच वाक्य ऐकवलं होतं, बाग सोडून हे काय करून राहिला? शेडमध्ये एकदाही पाय ठेवला नव्हता. आज मात्र कुणी न सांगता एसटीत बसून आले होते.

"त्यायच्या समोर त्यायचाच आशीर्वाद कसा खरडू, साहेब? तुमीच सांगा."

नोकरीत मोठमोठ्या ऑफिसरांना मी तोंडावर नाही म्हटलं आहे. इथे जीभ उचलेना.

तेवढ्यात फेअरचे प्रमुख देशमुख सर आले. "काका, स्टिकर तर आहे. लोक थांबून राहिले."

"स्टिकर कालच्या विमानाचं आहे. हे आजचं आहे."

"मग नाकात थोडं वजन टाका."

सूचना चुकीची नव्हती. पण नाक सीजीपासून जवळ आणि शेपूट लांब. मागच्या एका भाराला पुढे तीन भार लागत होते. तेवढं टाकलं तर विमान फेअरच्या दोन किलोच्या मर्यादेबाहेर जात होतं. मी स्टिकर काढून खिशात टाकलं. गजाननभाऊ रिमोट पिशवीत ठेवायला लागले, त्याचं मला फार वाईट वाटलं.

म्हातारबा दोरीखालून वाकून आत आले. सेफ्टीच्या हिशेबात हेही चूकच.

"काहून थांबलं हे?"

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच विमान बोटांवर तोलून दाखवलं. शेपूट खाली गेलं.

"बंडी उलाळ झाली," ते लगेच म्हणाले. बैलबंडीत मागे भार जास्त झाला की पुढचा धुरा वर उचलला जातो, त्याला उलाळ म्हणतात. हेच शिकायला मला एअरफोर्सने कोर्सला पाठवलं होतं. "मांगं काय भरलं?"

"तुमचा अन् मायचा आशीर्वाद लिवला, बाबा," गजाननभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले.

म्हातारबांनी दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. "तो का रंगात रायते काय?" असं म्हणून त्यांनी पानसुपारीच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि स्वतःच खरडायला बसले. पुट्टीसकट रंग निघाला. एका बाजूचं 'आई' तेवढं ठेवलं.

"हे पण काढा, काकाजी," मी म्हटलं.

"ते राहू द्या. मले घरी जा लागते."

मी परत तोललं. आईपुरतं शेपूट अजून खाली होतं. आता मात्र नाकात थोडंसंच वजन पुरणार होतं. मी खिसे चाचपत होतो, तोवर म्हातारबांनी चुन्याची पितळी डबी माझ्या हातावर ठेवली. टेपने ती नाकात बसवली आणि विमान तोललं. नाक तसूभर खाली. काट्यावर दोन किलोच्या आत. फॉर्मवर 'बॅलास्ट', म्हणजे तोलासाठी टाकलेलं वजन, या रकान्यात मी लिहिलं: चुन्याची डबी, पितळी, भरलेली, एक. सही केली आणि नवीन स्टिकर लावलं.

विमान उडालं. मैदानावर तीन फेऱ्या मारल्या. म्हातारबा मान वर करून, बैलाला म्हणावं तसं, "चाल, चाल" म्हणत होते. माझे डोळे भरून आले, ते मी उन्हावर ढकललं. उतरताना विमानाने दोन उड्या मारल्या, पण काही मोडलं नाही.

देशमुख सर माइक घेऊन धावले. "काकाजी, कसं वाटलं?"

"आधी डबी काढा. केव्हाची तलफ आली."

गजाननभाऊंनी टेप सोडवून डबी दिली. म्हातारबांनी चिमूटभर चुना काढला, झाकण लावलं आणि डबी परत मुलाच्या हातात ठेवली.

"राहू दे त्याच्यातच. मी दुसरी घेतो."

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: तपासणी झाल्यावर विमानावर काहीही लिहू नये. आशीर्वाद द्यायचाच असेल तर नाकात द्यावा, आणि वजन करून द्यावा.